कोऱ्या भिंतीची गल्ली

इंदूताई,

वडनेरला तुमच्या भावाच्या अंगणात पोचलो, तेव्हा पांढरी टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुमी कोन जी?"

सकाळी तुमच्या भाच्याचा, संतोषचा फोन आल्यापासून माझ्या डोक्यात एकच विचार होता, वेळेवर पोचतो की नाही. जळगाव जामोदहून नांदुऱ्याची एसटी, नांदुऱ्याच्या स्टँडवर वडनेरच्या गाडीची वाट, गाडीत बसल्यावरही सारखं पुढं वाकून रस्ता बघणं. असा प्रश्न कोणी विचारील, हे मनातही आलं नव्हतं. मी म्हणालो, "शेजारी. जळगाव जामोदचे." त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि लिंबाखाली, बाहेरगावचे लोक बसले होते तिथं मला जागा करून दिली.

त्यांचं काही चुकलं नाही. अशा वेळी कोणी कुठं बसायचं, हे ठरलेलं असतं. भाऊ, भाचे, चुलत घरचे पुढं. शेजारी मागं. पण लिंबाखालून तुम्ही दिसत नव्हतात. लोकांच्या पाठी दिसत होत्या आणि पाठींच्या मधून कधीतरी तुमच्या निळ्या काठाच्या लुगड्याचा तुकडा. लोक हळू आवाजात तुमच्याबद्दल बोलत होते. "मास्तरीन होत्या जळगावले." "एक पुस्तकबी लिवलं म्हनते." आपल्या गल्लीचं नाव कोणीच काढलं नाही. मला वाटत होतं, उठावं आणि सांगावं, अहो, ह्या बाईंना तुम्ही ओळखतच नाही. मग वाटलं, त्यांच्या घरची मुलगी, त्यांच्याच मांडीवर खेळलेली. न ओळखणारा इथं मीच आहे.

सगळं आटोपल्यावर संतोषने मला हाताला धरून घराच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं एक स्वतंत्र खोली होती. खिडकी शेताकडं, भिंतीत पुस्तकांसाठी कोनाडे.

"बाबांनं आत्यासाठी बांधली होती, काका," तो म्हणाला. "रिटायर झाली का येते म्हने. आलीच नाई. दरसाल काहीतरी कारन सांगे."

"काय कारण?"

"पंखा लय आवाज करते म्हने."

त्याने बटण दाबलं. पंखा फिरला. काही आवाज नव्हता. संतोष जरासा हसला आणि मग तोंड फिरवून रडला.

ताप आला म्हणून संतोष तुम्हाला घेऊन गेला, त्या दिवशी तुम्ही रिक्षात बसता बसता मला म्हणाला होतात, "चार दिवसांत येते, भाऊ. दूधवाल्याले सांगजा, दूध नको म्हना." मी सांगितलं. दूधवाला चार दिवस आला नाही. पाचव्या दिवसापासून पुन्हा येऊ लागला. तोवर तुम्हाला वडनेरहून खामगावच्या दवाखान्यात हलवलं होतं. तो तुमच्या दारात किटली घेऊन उभा राही आणि माझ्याकडं बघे. मी हातानेच नाही म्हणे. तुम्ही गेल्याचं त्याला मीच सांगितलं. त्याने किटली खाली ठेवली, डोक्याचा रुमाल काढला आणि म्हणाला, "मंग आता ह्या गल्लीत मी तुमच्या एकट्यासाठीच येनार का जी?"

हो, इंदूताई. माझ्या एकट्यासाठीच.

नगरपालिकेच्या कागदात आपल्या गल्लीला एका देवळाचं नाव आहे. पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो उलट आपल्यालाच पत्ता विचारतो. वाचनालयाची गल्ली म्हटलं की मुकाट्याने आणून सोडतो. वाचनालय नव्या वस्तीत जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी नाव सुटलं नाही. ही गल्ली लिहिणाऱ्यांची कशी झाली, यावर आपण दोघं जन्मभर भांडलो. माझं म्हणणं साधं होतं आणि ते खरं आहे, हे तुम्हालाही माहीत होतं. सरकीच्या एका व्यापाऱ्याने गोदामाशेजारच्या दोन खोल्या वाचनालयाला दिल्या. वर्तमानपत्र फुकट वाचायला मिळतं म्हणून बदलून आलेले मास्तर, कारकून, पोस्टातले लोक आसपास खोल्या बघू लागले. खोल्या अंधाऱ्या, म्हणून भाडं कमी. मग दिगंबरभाऊंनी वाचनालयासमोर छापखाना टाकला. लग्नपत्रिका, अडत्यांची बिलबुकं, निवडणुकीची पत्रकं छापायची आणि उरलेल्या कागदावर दिवाळीला एक बारकासा अंक काढायचा. अंकाला मजकूर पाहिजे. म्हणून दिगंबरभाऊ वाचनालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला दारातच अडवत आणि विचारत, "लिवता का काही?" आपल्या गल्लीतले निम्मे लेखक त्या एका प्रश्नामुळं लेखक झाले. तहसील कचेरीतून थेट पेपर वाचायला आलेला मी त्यातलाच एक. पहिल्यांदा मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा हो म्हणालो आणि घरी जाऊन, आता काय लिहायचं, म्हणून कपाळाला हात लावून बसलो. माझी बायको विमल म्हणाली, "कचेरीत लिवता तेच लिवा." ती माझी पहिली गोष्ट.

पुढं हकीमसाहेबांचा दवाखाना. खालच्या फळ्यांवर औषधांच्या बरण्या, वरच्या फळीवर शायरीची पुस्तकं. खोकल्याचा रोगी असो की पोटदुखीचा, पुडी बांधता बांधता त्याला एक शेर ऐकावा लागे. दाद दिली नाही तर पथ्य कडक. तुम्ही जळगावच्या शाळेत बदलून आलात, समोरच्या घरात राहू लागलात, आणि महिन्याभरात हकीमसाहेबांकडं उर्दू शिकायला बसलात. एकटी राहणारी तरणी विधवा बाई हकिमाच्या ओट्यावर पाटी घेऊन बसते, याची गावात थोडी कुजबुज झाली. हकीमसाहेबांच्या बेगमनी तुमच्या शेजारी स्वतःची बाज टाकली आणि कुजबुज मिटली. पहिल्या दिवशी "अलिफ, बे" म्हणताना तुम्ही हसत सुटलात. "हकीमसाब, हे 'काय बे'तलं बे त मले शाळेतल्या पोट्ट्यायनं पयलेच शिकवलं." हकीमसाहेब इतके हसले की त्यांच्या हातातली पुडी सांडली.

आपल्या शनिवारच्या बैठका तुमच्या ओट्यावर होत. ऊन उतरलं की सतरंजी पसरायची. ज्याने काही लिहिलं असेल त्याने वाचायचं, नसेल त्याने ऐकायचं. छापखान्याच्या मशीनचा धाड-धाड आवाज मधेच सुरू झाला की वाचणारा थांबे. मशीन थांबलं की तो पुढं. दिगंबरभाऊ आतून ओरडत, "राहू देऊ का चालू? का महत्त्वाचं आहे?" आणि हकीमसाहेब म्हणत, "चालू राहू दो, कविता कच्ची आहे." एकदा माझी गोष्ट ऐन रंगात आली आणि एक म्हैस बैठकीतून शांतपणे चालत गेली. सगळे तिला वाट द्यायला उठले ते पुन्हा बसेचनात. तुम्ही म्हणालात, "तिले शेवट समजला वाटते."

माझ्या गोष्टींवर तुमचा एक आक्षेप कायम होता. माझी माणसं बोलतात कशी. "भाऊ, तुमचा मानूस घरात मले-तुले बोलते, आन् कागदावर पाय ठेवला का पुन्याचं बोलते. त्याले कोन मारते का?" मी म्हणे, मराठी सगळ्या महाराष्ट्राला समजली पाहिजे. तुम्ही म्हणत होतात, "मंग त्याईले समजाले आपनच काऊन जाचं? त्याईनं यावं ना जरासं अलीकडं." तुमच्या कवितांचं पुस्तक पुण्याच्या एका प्रकाशकाने परत पाठवलं. भाषा सुधारून द्या, म्हणाला. तुम्ही दिली नाही. दिगंबरभाऊंनी छापलं. मी मुद्रितं तपासली आणि चोरून दोन ठिकाणी "मले"चं "मला" केलं. तुम्ही ते शोधून काढलंत आणि आठवडाभर मला "मला" म्हणूनच चिडवलंत.

हे भांडण आपण मजेत भांडलो. भिंतीचं मात्र तसं नव्हतं.

तुमच्या घराला लागून सरकीच्या गोदामाची लांब भिंत आहे. पांढरी, कोरी. महाविद्यालयातली मराठीची मुलं दरवर्षी गल्ली बघायला येऊ लागली, तेव्हा त्यांना गल्ली दाखवायचं काम आपोआप तुमच्याकडं आलं. मी मागून चालत असे. छापखाना, दवाखाना इथपर्यंत तुम्ही ठीक सांगत होतात. आणि एका वर्षी तुम्ही ह्या भिंतीसमोर थांबलात आणि मुलांना सांगितलंत की बऱ्हाणपूरहून एक कवी घरी भांडून निघाला, सातपुडा पायी उतरला आणि तहानेनं अर्धमेला होऊन ह्या गल्लीत आला. इथल्या विहिरीचं पाणी प्याला. त्याला कविता सुचली. जवळ कागद नव्हता. त्याने एका घराच्या चुलीतला कोळसा मागून घेतला आणि ह्या भिंतीवर लिहिली. सकाळी लोक जमले. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवली. गोदामवाल्याने वैतागून भिंत चुन्याने रंगवली. कवीनं पुन्हा लिहिली. त्याने पुन्हा चुना मारला. "आता ह्या भिंतीत," तुम्ही हात टेकवून म्हणालात, "जेवढे चुन्याचे थर हायेत, तेवढ्या कविता हायेत."

मुलं भिंतीकडं बघत राहिली. एकाने हळूच बोट लावून बघितलं.

मी थक्क झालो. मुलं पुढं गेल्यावर म्हणालो, "इंदूताई, हे खोटं आहे."

"खोटं काऊन? अजून कोनाले मालूम नोतं, एवढंच."

पुढच्या वर्षी तो कवी विणकर होता. त्याच्या पुढच्या वर्षी फकीर. मी मुलांच्या देखत म्हणालो, "मागच्या वर्षी तो विणकर होता." तुम्ही मागं वळूनही न बघता म्हणालात, "यंदा त्यानं धंदा बदलला." एका वर्षी तर तुम्ही त्याला पुरुषाच्या वेशात आलेली बाई करून टाकलंत. माझ्याने राहवेना. भिंतीपाशी मी तुम्हाला टोकायचं, तुम्ही मला उडवून लावायचं, मुलं हसायची. मग मी तणतणत पुढं जायचो आणि वाचनालयाची जुनी खोली उघडून बाकं पुसत बसायचो. किल्ली माझ्याकडं होती. तुमची गोष्ट संपवून तुम्ही सगळ्यांना घेऊन येत होतात, तोवर बाकं स्वच्छ झालेली असत.

मग एका स्थानिक पेपरच्या पुरवणीत भिंतीचा फोटो आला. 'कवितेची भिंत' असं मोठ्या अक्षरात. कवी, विहीर, कोळसा, सगळं खरं म्हणून. मी संपादकाला पत्र लिहिलं की असा कोणी कवी झाल्याचा काही पुरावा नाही. ते त्यांनी कोपऱ्यात छापलं. तुम्ही ते वाचलंत, हे तुमचं दार दुपारभर बंद राहिलं त्यावरून मला समजलं. बरेच दिवस आपण बोललो नाही. विमल दोन्ही घरी ये-जा करत राहिली आणि दोन्हीकडं सांगत राहिली, "भांडा बाप्पा, पन वाटीत काही तरी घालून द्या. रिकामी वाटी कशी नेऊ?"

मग एका संध्याकाळी तुम्ही ओट्यावरूनच मला हाक मारलीत.

"भाऊ, तुमचं पत्र बरोबर होतं," तुम्ही म्हणालात. "पन ते वाचून मले आपल्या गल्लीत राह्यल्यासारकं नाई वाटलं."

"खरं सांगायला नको का?"

"तुमच्या खऱ्यात काय हाये? स्वस्त भाडं आन् फुकटचा पेपर. ते आयकून कोनी कविता लिहीन काय?"

"आणि खोटं ऐकून लिहील?"

"लिहीन का नाई ते पाहू ना," तुम्ही म्हणालात. "मी गोष्ट सांगते, तुमी तिच्याखाली टीप लिहा. दोघायचंबी चालू राहू द्या."

तसंच झालं. मागच्या वर्षीपर्यंत तुम्ही गोष्ट सांगत होतात आणि मी टोकत होतो.

बाकीचे एकेक करून गेले. ऑफसेट आलं, मग संगणक आले. दिगंबरभाऊंच्या मुलांनी मशीन भंगारात काढलं आणि स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान टाकलं. हकीमसाहेब अकोल्याला मुलाकडं गेले. जाताना वरच्या फळीवरची पुस्तकं तुम्हाला देऊन गेले. विमल गेली तेव्हा तुम्ही तिच्या उशाशी बसून होतात आणि पुढं कितीतरी दिवस माझ्याकडं सकाळचा डबा येत राहिला. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. भाजीत मीठ जास्त आहे, एवढं एकदा म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, "वैनी कमी घालत होती, ते तुमी तिले कधी सांगतलं नाई."

बैठकीला मग आपण दोघंच उरलो. सतरंजी तरी तुम्ही पसरत होतात. मी वाचायचो, तुम्ही ऐकायचात. तुम्ही वाचायचात, मी ऐकायचो. शेवटी शेवटी दोघांनीही नवीन काही लिहिलं नसलं तर जुनंच वाचायचो आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यावर भांडायचो. मला तेव्हा वाटायचं, काय हे, दोन म्हातारी माणसं रिकाम्या गल्लीत बसून एकमेकांना जुन्या चुका सांगताहेत. आता ओट्यावर कोणी नाही, तेव्हा समजतंय की ती बैठक भरलेली होती.

गेल्या आठवड्यात संतोष टेम्पो घेऊन आला. भांडी, कपाट, बाज भरली. पुस्तकांपाशी थांबला. "काका, ही मी नेऊन काय करू? वडनेरले वाचनारं कोनी नाई." मग म्हणाला, "त्या मागच्या खोलीत ठेवू का? आत्यासाठीच होती ती." मी म्हणालो, "ठेव." तुमची पुस्तकं तरी तिथं राहायला गेली. उर्दूची तेवढी त्याने मला दिली. मला ती वाचता येत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. टेम्पो गेल्यावर गल्ली पहिल्यांदाच एवढी रुंद वाटली.

आणि मग महाविद्यालयातल्या राऊत मॅडमचा फोन आला.

"सर, मुलांची गल्ली बघायची तारीख आधीच ठरली होती. ताई गेल्याचं कळलं. रद्द करते मी."

"करा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. जेवायला बसलो. पहिला घास ताटातच ठेवला. एवढी वर्षं मी तुमच्या मागून चालत मनातल्या मनात ही गल्ली मुलांना माझ्या पद्धतीने दाखवत आलो होतो. खरी, पुराव्यानिशी, एकही कवी घुसडून न देता. आता अडवणारं कोणी नव्हतं. हात धुतले आणि परत फोन लावला. "घेऊन या मुलांना," मी म्हणालो. "मी दाखवतो."

परवा मुलं आली. मी स्वच्छ सदरा घातला होता. सुरुवात वाचनालयापासून केली. सरकीचा व्यापारी, दोन खोल्या, फुकटचं वर्तमानपत्र, अंधाऱ्या खोल्या, कमी भाडं. एकही शब्द खोटा नव्हता. मुलांनी शांतपणे ऐकलं. मागची दोघं मोबाइल बघत होती. दिगंबरभाऊंचा "लिवता का काही" सांगितला तेव्हा थोडी हसली. दवाखान्याच्या जागी आता रिचार्जचं दुकान आहे, तिथं हकीमसाहेबांच्या पुड्या सांगितल्या. मी बोलत होतो आणि माझ्याच कानाला माझा आवाज मास्तरासारखा लागत होता. टोकायला मागं कोणी नव्हतं. मी मधेच थांबायचो, आता कोणी काही म्हणेल म्हणून, आणि कोणी काही म्हणत नसे.

भिंतीसमोरून मी न थांबता पुढं निघालो. मागून एका मुलीने विचारलं, "सर, ती भिंत हीच का?"

सानिया तिचं नाव. हिरवी ओढणी, हातात वही.

"कोणती भिंत?"

"माझी बाजी, म्हणजे मोठी बहीण, इथं आली होती, तिच्या कॉलेजच्या वेळेस. रुखसार. तिला इंदूताईंनी सांगितलं होतं, भिंतीत कविता आहेत. बाजी आता मलकापूरला शिक्षिका आहे. कविता लिहिते. ती म्हणते, त्या दिवशी घरी येऊन तिने पहिली लिहिली."

सगळी मुलं थांबली. मोबाइल बघणारीसुद्धा. राऊत मॅडम माझ्याकडं बघत होत्या.

मला सरळ म्हणता आलं असतं की त्यात काही तथ्य नाही. एवढी वर्षं तेच म्हणत आलो होतो. मी म्हणालो, "भिंतीत काही नाही. तो कवी कधी आला नाही. ही गोष्ट इंदूताई तायडे नावाच्या बाईंनी इथं, ह्या जागेवर उभं राहून रचली, माझ्यासमोर. आणि दरवर्षी नव्यानं रचली. ह्या गल्लीत एवढ्या जणांनी एवढं लिहिलं, पण घडताना मी पाहिलेली गोष्ट ही एकच."

"मग सांगा ना, सर," एक मुलगा म्हणाला.

आणि मी सांगू लागलो. तुमच्यासारखी. बऱ्हाणपूर, डोंगर, तहान. माझ्या तोंडून "त्याले" आलं, "मंग" आलं, "लय" आलं, आणि मी ते सुधारलं नाही. मुलं जवळ सरकली. कोळशापर्यंत आलो, चुन्यापर्यंत आलो. "जेवढे थर हायेत, तेवढ्या कविता हायेत," मी म्हणालो. आणि थांबलो. पुढं मला येत नव्हतं. दरवर्षी ह्याच जागेवर मी तुमच्याशी भांडून निघून जात होतो आणि बाकं पुसत होतो. त्या कवीचं शेवटी काय झालं, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

"पुढं काय झालं ते मला माहीत नाही," मी म्हणालो.

"मला माहीत आहे," सानिया म्हणाली. "बाजीने सांगितलंय. तो परत गेलाच नाही. त्याच्या घरचे न्यायला आले होते. त्याच्यासाठी तिकडं चांगली जागा ठेवली होती. पण तो म्हणाला, मी इथंच राहतो."

"का?"

"भिंतीसमोर एक माणूस राहत होता म्हणे. तो रोज सकाळी येऊन त्याची कविता वाचायचा आणि भांडायचा. हा शब्द चूक, ही ओळ खोटी. कवी म्हणाला, एवढं मन लावून वाचणारा मला दुसऱ्या गावी कुठं भेटणार? म्हणून तो राहिला."

मुलं हसली. कोणीतरी टाळी वाजवली. मी भिंतीवर हात टेकला. राऊत मॅडमनी विचारलं, "सर, बरं वाटत नाही का? बसता का जरा?" मी मान हलवली.

मग मी त्या मुलीला विचारलं, "आणि तो समोरचा माणूस? त्यानं काय केलं?"

"बाजीने पण हेच विचारलं होतं ताईंना," ती म्हणाली. "तर ताई हसल्या म्हणे. म्हणाल्या, त्याले काय, त्याले अजून मालूमच नाई."

मुलं वाचनालयाच्या खोलीकडं गेली. किल्ली मी मॅडमच्या हातात दिली होती. मी तिथंच उभा राहिलो, तुमच्या आणि माझ्या दाराच्या मधे. आतून मुलांचे बाकं सरकवण्याचे आवाज येत होते. यंदा बाकं पुसायची राहून गेली होती.

मालूम झालं, इंदूताई. पण आता हे सांगायला जाऊ कुठं?

तुमचा,
समोरच्या घरातला भाऊ